गेंड्याच्या इतिहासात माझं नाव

३ मार्च
तिलाच सांगितलं! आमच्या मालगाडीच्या डिझेल इंजिनाचा इतिहास लिहायचं काम कारखान्याने धाकट्या जावेला दिलं. त्या मॉडेलचं शेवटचं इंजिन जूनमध्ये निवृत्त होणार, त्याआधी पुस्तक हवंय. बावीस वर्षं आम्ही दोघी एकाच ड्रॉइंग ऑफिसात शेजारी बसलो. मी सहा वर्षांनी सीनियर. आणि फोन कुणाला? धाकटीला!
हे म्हणतात, "अगं, तिची भाषा चांगली आहे." माझी काय वाईट आहे? ताट तसंच ठेवून उठले.

५ मार्च
तिचा फोन नाही.

११ मार्च
आता तर कहर झाला. जुन्या ड्रायव्हरकडे जाऊन आली, वेल्डरकडे गेली, इंजिनाच्या नाकाला पिवळा पट्टा मारणाऱ्या रंगाऱ्याकडेसुद्धा! मी दोन गल्ल्या पलीकडे राहते, ते दिसत नाही. कँटीनवाला म्हणे सांगतोय, बोथट नाकामुळे 'गेंडा' हे नाव त्यानेच ठेवलं. धादांत खोटं! ते मी म्हटलं होतं, पहिला नकाशा बघून.
आणि चाचणीच्या दिवशी? चाळीस भरलेले डबे मागे, अर्ध्या चढावर इंजिन उकळलं, साहेबांची तोंडं काळवंडली. रेडिएटर छतात न्या, पंखे आडवे बसवा — हे कुणी काढलं? मी. तीन रविवार बोर्डावर वाकून. त्यानंतर दोनशे बारा इंजिनं निघाली.

१९ मार्च
दीर ह्यांना वाचायला प्रुफं देऊन गेले. हे आंघोळीला गेल्यावर मी उघडली. "रेडिएटर छतात हलवण्यात आले." हलवण्यात आले! कुणी? भुताने? रंगाऱ्याचं नाव आहे, फोटोसकट. माझं कुठेच नाही. जळून खाक झाले.

२० मार्च
तिच्या घरी गेले. चपलाही काढल्या नाहीत. "एवढा कसला गं तुला माझा आकस?"
तिने कपाटातून एक ड्रॉइंग काढून पुढे ठेवलं. तेलाची नळी. सही माझी.
"ताई, नाव घातलं की त्या माणसाची सगळी ड्रॉइंगं पुस्तकाच्या मागे छापायची, असं ठरलंय. हे पण."
"मग?"
"क्लॅम्प मोजा."
नळी जागेवर धरणारे क्लॅम्प दोनच. तीन हवे होते.
तिसऱ्या इंजिनाची आग मला आठवते. नळी हादऱ्याने तडकली, तेल तापलेल्या सायलेन्सरवर उडालं. असिस्टंट ड्रायव्हरने झाकण हाताने ओढलं. त्याची बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. अहवालात कारण "हादरे" एवढंच होतं.
"आगीनंतर मी गुपचूप नव्या ड्रॉइंगात तिसरा क्लॅम्प घातला," ती म्हणाली. "तुमचा मुलगा तेव्हा महिन्याचा होता. कुणाला बोलले नाही. ह्यांनाही नाही."
एकोणतीस वर्षं! आणि मी हिला काय काय म्हटलं ह्या वहीत.

२१ मार्च
स्वयंपाक केला. वहीची मागची पानं वाचली.

२४ मार्च
धाकटीला फोन केला. "नाव घाल. मागे माझी सगळी ड्रॉइंगं छाप." ती रडली. मी त्या असिस्टंट ड्रायव्हरचा पत्ता मागून घेतला.

२५ मार्च
त्याने दार कोपराने उघडलं. मी माझं नाव सांगितलं.