नवं माणूस उतरलं की

४ जून, मंगळवार
पोचले एकदाची! साओ तोमेच्या बंदरातून आमादेऊकाकाच्या होडीनं तीन तास. कोकोच्या मळ्यातलं जुनं घर, तेच या बेटावरचं एकुलतं एक विश्रामगृह. माझं काम सोपं: पाहुण्यांना माहिती द्यायची आणि त्यांच्यासाठी एक पत्रक लिहायचं. आधीचा माणूस, ओस्वाल्दिन्यो, बॅग घेऊन धक्क्यावरच उभा होता. मी उतरले तशी त्यानं होडीत उडी टाकली आणि माझा हात धरून चक्क रडला. मला हसूच आलं. व्यवस्थापिका दोना जोर्जिनांनी भाजलेला निरफणस आणि धुरी दिलेला मासा वाढला. म्हणाल्या, "दमानं घे गं पोरी. इथं कुणाला कुठं पोचायचंय?"

७ जून
पत्रक लिहितेय. पाणी उकळून प्यावं. मच्छरदाणी लावूनच झोपावं. कार्ड चालत नाही, सुटे युरो आणावेत. होडी दर मंगळवारी परत जाते.
दोना जोर्जिनांनी वाचलं आणि शेवटचं वाक्य खोडायला सांगितलं. म्हणाल्या, होडी येते दर मंगळवारी; माणूस घेऊन परत जाते ती नवं माणूस उतरलं की. मला वाटलं, थट्टा करतायत.

११ जून, मंगळवार
आईला बरं नाही, म्हणून दोन दिवस घरी जायला निघाले. होडीतून तांदळाची पोती आली होती, माणूस एकही नाही. काका बसू नको म्हणाला, तरी बसले. तीन तासांनी धुक्यातून धक्का दिसला. धक्क्यावर दोना जोर्जिना कपडे वाळत घालत होत्या.
त्यांनी मला पंचा दिला आणि सगळं सांगितलं. त्या इथं एकोणीस वर्षं आहेत. एक उतरल्याशिवाय एक सुटत नाही. काका म्हणूनच धक्क्यावर कधी पाय ठेवत नाही, पोती फेकतो. ओस्वाल्दिन्यो माझ्यामुळे सुटला. आता माझी पाळी; दोना जोर्जिनांना जायचंच नाही, त्यांचं तिकडं कुणी उरलेलंच नाही. "पत्रक गोड लिही," म्हणाल्या.

१४ जून
पोहत गेले. सरळ, किनारा पाठीशी ठेवून. पाय वाळूला लागले. याच वाळूला. तीनदा.

१८ जून
लिहिलं. शांत बेट, निळं पाणी, एकदा याच. काकानं गठ्ठा नेला. भीतीनं लिहिलं म्हणू? नाही. विचार करून लिहिलं. कुणीतरी अनोळखी येईल, एवढाच विचार —

२५ जून
कुणी नाही. बरं वाटलं. मग रडले.

२ जुलै
होडी दिसतेय. पिवळ्या झग्यातली बाई, हातात माझं पत्रक — नेझिता. माझी धाकटी बहीण. मला शोधत —
मी ओरडतेय, परत जा. वाऱ्यात ऐकू जात नाही. तिला वाटतंय मी बोलावतेय. हसतेय ती. दोना जोर्जिनांनी माझी बॅग आणून ठेवली —
वहीतच मोठ्या अक्षरांत लिहून दाखवते —

नेझिता उतरू नको

इतक्या लांबून वाचता येत नाहीये तिला. नीट दिसावं म्हणून पुढं येतेय, एक पाय धक्क्या