तिसऱ्या रांगेतला हिरवा चौकोन

गुरुवार, दुपार

प्रिय इदालिना,

हे पाकीट बसवाल्या नेस्तोरच्या हाती पाठवते आहे. त्याला बजावलंय, स्टँडवर कुणाच्या हवाली करायचं नाही, थेट तुझ्या दारात नेऊन द्यायचं. तो म्हणाला, "एवढं काय आहे त्यात, सोनं?" मी म्हटलं, "जळकी चिंधी आहे." त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. एव्हाना ती तुझ्या हाताला लागलीच असेल. तिच्याकडे नंतर बघ, आधी हे वाच.

रविवारी तू तुझ्या आईला कायमची शहरात, बेलो होरिझोंतेला, न्यायला येते आहेस. त्याआधी एक गोष्ट तुला कळायला हवी, आणि ती माझ्याच तोंडून कळायला हवी. फोनवर तीनदा सुरुवात केली होती. तिन्ही वेळा तू माझ्या गुडघ्याची चौकशी केलीस आणि मी आपली गुडघ्याचंच पुराण लावून बसले. गुडघा बरा आहे. दुखतंय ते दुसरंच काही.

इकडचं म्हणशील तर मका काढून झाला. देओलिंदाने पुन्हा केस काळे केलेत आणि कुणी काही म्हणायच्या आत स्वतःच सांगत फिरते, की हा रंग नव्हे, तेलाचा गुण. तुझ्या आईच्या परसातली कॉफी यंदा चांगली लागली आहे. तिनेच तोडली सगळी, बोटांनी चाचपून, पिकलेली तेवढीच. हिरवं फळ टोपलीत एक नव्हतं, मी मुद्दाम पाहिलं. ज्या बाईला तू "आता तिला काही उमगत नाही" म्हणतेस, तिची ही टोपली.

लेकीचं लग्न आटोपल्यावर तू माझ्यासमोरच बोटांवर कारणं मोजली होतीस. एक, घेवड्यात दोनदा मीठ पडलं. दोन, नेस्तोरचा आवाज ओळखला नाही. तीन, मारिल्झाच्या लग्नाच्या गोधडीतला स्वतःचा चौकोन तिला सापडला नाही. पहिली दोन माझ्याही हातून होतात. नेस्तोरला तर सर्दी झाली की त्याची बायकोसुद्धा ओळखत नाही. सगळं अडलं ते तिसऱ्यापाशी. जिने जन्मभर शिवलं, तिला स्वतःच्या हातचा टाका कळू नये, म्हणजे डोकंच गेलं, असं तुझ्या नवऱ्याने म्हटलं आणि तू मान हलवलीस. मी तिथेच उभी होते, हातात पेरूच्या वडीची ताटली घेऊन.

मारिल्झाची गोधडी आपल्या गल्लीच्या रिवाजाप्रमाणेच झाली. घरटी एक चौकोन, जोडायचं काम माझं. पूर्वी हे काम तुझ्या आईचं होतं. तिची नजर गेली तसं ते माझ्याकडे आलं, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता. बाप्तिस्म्यात तिने मला हातांवर धरलं, ती माझी माद्रिन्या. सुई हातात दिली तीही तिनेच. पण लोक "झुल्मिराच्या हाताला तोड नाही" म्हणायचे, तेव्हा मी कधी तिचं नाव घेतलं नाही. नुसती हसायचे.

तिने आपला चौकोन सगळ्यांच्या आधी आणून दिला. हिरव्या, सुळसुळीत कापडावर पांढऱ्या दोऱ्याची पानं. टाके कुठे लांब, कुठे आखूड, कडा एका बाजूला कललेली, आणि कोपऱ्यात दोऱ्याची गाठ वरच्या अंगाला. ती म्हणते ना, "गाठ खाली लपवायची ती डोळसांनी. मला ती हाताला लागायला हवी." मी घेतला, "छान झालाय, माद्रिन्या" म्हटलं. ती गेल्यावर देओलिंदा बघून म्हणाली, "बाई गं, ही पानं आहेत की कोंबडीचे पाय? शहरातले व्याही म्हणतील, झुल्मिरालाही आता दिसेनासं झालं वाटतं." मी हसले. पण ते मनाला लागलं. म्हातारीचा हात वाकडा आहे याचं मला वाईट वाटलं नाही, इदालिना. माझ्या गोधडीत तो वाकडा दिसेल याचं वाटलं.

म्हटलं, उसवत नाही, फक्त इस्त्रीने जरा सरळ बसवते. ओलं फडकं टाकलं, इस्त्री चांगली तापवली आणि जोर देऊन दाबली. कापड कसलं आहे, हे बघितलंच नाही. पहिल्या आठवड्यात शिकायला येणाऱ्या पोरींना मी हेच सांगते, आधी कापड ओळखा. नायलॉन होतं ते. फडकं उचललं तर चौकोन मधोमध आक्रसून गोळा झालेला, फडक्याला चिकटलेला, आणि खोलीभर तो घाण वास. चाळीस वर्षं मी हे काम करते.

तेव्हाच उठून पाच घरं पलीकडे गेले असते आणि "माद्रिन्या, माझ्या हातून जळला" म्हटलं असतं, तर तिने दोन शिव्या हासडल्या असत्या आणि दुसरा करून दिला असता. लग्नाला नऊ दिवस होते. पण तिला काय सांगणार होते, मी इस्त्री का धरली? तुझं काम मला शोभेना म्हणून? मग मी काय केलं ते ऐक. दुकानातून तसल्याच रंगाचं सुती कापड आणलं, दार लावलं आणि तिचा चौकोन पुन्हा शिवला. वाकडा दिसावा म्हणून डोळे मिटून टाके घातले. दोनदा उसवले. हात काही वाकडा जाईना. शेवटी डोळे उघडे ठेवून, ठरवून चार टाके तिरपे घातले, कोपऱ्यात वर गाठ मारली आणि तिसऱ्या रांगेत जोडून टाकला. बघणाऱ्याला फरक कळला नसता. कळलाही नाही.

फक्त, माद्रिन्या बघत नाही ना. लग्नाच्या आदल्या दिवशी गोधडी पलंगावर पसरली आणि एकेक बाई आपल्या चौकोनावर हात ठेवून मारिल्झाला आशीर्वाद देऊ लागली. तू उशाशी होतीस. तुझ्या आईची पाळी आली तशी ती वाकली आणि पहिल्या रांगेपासून चाचपत गेली. देओलिंदाच्या चौकोनावर थबकून म्हणाली, "ही देओलिंदा, अजून दोऱ्यात कंजूषपणा." सगळ्या हसल्या. मग दुसरी रांग, तिसरी रांग, थेट शेवटपर्यंत, आणि पुन्हा वरून. हळूहळू हसणं थांबलं. ती म्हणाली, "माझा इथे नाही." देओलिंदा ओरडली, "अहो तो काय तिसऱ्या रांगेत, हिरवा, तुमचाच तर आहे." आणि मी काय केलं? मी तिचा हात धरला आणि त्या चौकोनावर नेऊन ठेवला. म्हटलं, "हा बघ, माद्रिन्या."

तिची बोटं त्यावर एकदाच फिरली. तेवढ्यात तिला सगळं कळलं. माझा हात तिच्या हातावर होता, मला समजलं ते. ती सरळ झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "असेल बाई. माझाच असेल. म्हातारपणी हातही विसरतात." पण चौकोनावर हात ठेवला नाही तिने. मारिल्झाच्या डोक्यावर ठेवला. तेव्हाच तू नवऱ्याकडे पाहिलंस, आठवतं? निघताना दारात मी तिला चप्पल पुढे करून दिली. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "झुल्मिरा, लहानपणापासून तुझा टाका फार आवळून. जरा सैल सोडत जा." बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी गोधडीशेजारी उभी राहून मी फोटोही काढून घेतला.

तू जाताना तिचा सुयांचा डबा घेऊन गेलीस, तो बिस्किटांचा निळा डबा. "टोचून घेईल, कात्री कुठेतरी मारून घेईल," म्हणालीस. तुझं चुकलं असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? दर शनिवारी मी तिला बारा सुया ओवून ठेवायचे, आठवडाभर पुरायच्या. आता शनिवारी जाते आणि दोघी नुसत्या कॉफी पितो. तिचे हात मांडीवर असतात. बोटं मधूनच हलतात. चार महिने मी हे बघते आहे आणि घरी येऊन जेवते आहे.

काल गेले तर ती कोंबड्या वाटत होती. "पिवळी तू ने," म्हणाली, "दुसऱ्या कुणाकडे ती अंडं घालणार नाही. लहरी आहे, तुझ्यासारखी." मग विचारलं, "इदालिनाच्या त्या चौथ्या मजल्यावर कोंबडा ऐकू येतो का गं?" मला पुढे राहवेना. तिच्या पायाशी बसून सगळं ओकले, इस्त्री, नायलॉन, मिटलेले डोळे, सगळं. मी विचारलं, "त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही म्हणालीस, की हा झुल्मिराचा हात आहे?" म्हणाली, "तुला अजून इथे शिवून खायचंय. माझं काय, म्हातारीला विसरभोळी म्हटलं तर कोण हसतंय?" मग म्हणाली, "मला वाटलं होतं तू येशील. दुसऱ्या दिवशी. फार तर रविवारी." इदालिना, माझ्या आईने मला कधी मारलं नाही, पण मारलं असतं तर असंच लागलं असतं.

मी रडत होते, तर तिने विचारलं, "इदालिनाला सांगितलंस?" मी नाही म्हटलं. "मग इथे काय रडतेस? मला तर ठाऊकच होतं. जिला ठाऊक नाही तिला सांग." म्हणून हे पत्र. तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर आहे. तिने विचारल्यावर खरं तेच सांगितलं होतं, तिचा चौकोन तिथे नव्हता. तो चार महिने माझ्या मशीनच्या खणात होता आणि आता तुझ्या हातात आहे. कापड ओळखलंस का? मला काल कळलं. तू पहिल्यांदा शहराला निघालीस तेव्हाच्या हिरव्या झग्याची बाही आहे ती. तिकडे उकडतं म्हणून आदल्या दिवशी तूच दोन्ही बाह्या कापायला लावल्या होत्यास. दुसरी बाही अजून तिच्या उशीखाली आहे. तिला न्यायचंच असेल तर ने, तू लेक आहेस. पण माझ्या लबाडीच्या जोरावर नेऊ नकोस. गल्लीतल्या बायकांना मी शनिवारी बोलावलं आहे, त्यांनाही सांगणार आहे. देओलिंदाला चघळायला वर्षभर पुरेल. मारिल्झाला सांग, तिसऱ्या रांगेतला माझा चौकोन उसवून ती जागा आजीसाठी मोकळी ठेव. आणि तू रविवारी येशील तेव्हा तो निळा डबा घेऊन ये. सुया मी ओवून देईन. शिवेल तीच.

तोंड दाखवायला लाजणारी, तरी तुझीच,
झुल्मिरा