सूनबाईचं मनीप्लांट

आरोही सूनबाई,

न्हाई गं बाई, आता उन्हात न्हाई ठेवलं! कापसाला घालतो तसं ताजं शेण तू माझ्यापाशी ठेवून गेलेल्या मनीप्लांटाला घातलं, तिथंच चुकलं. मुळ्या सडल्या, पानं करपली. मंग सडकं कापून उरलेली वेल पाण्याच्या बाटलीत लावली अन् तुझ्या सासऱ्याच्या फोटोखाली सावलीत ठेवली. त्यांला तरी दुसरं काय काम हाय? बसलेत राखण करत.

पण रोज पुण्याहून फोन करून "आत्या, झाड कसंय?" एवढंच इचारतीस. माझा गुडघा कसाय, एकदा तरी इचार की! लई वैताग आलाय.

"अजून सुकलेलंच हाय" म्हणते ना मी, ते खोटं हाय. कवाच नवी पानं फुटलीत. तू झाड नेलंस की मला फोन करणार न्हाईस, म्हणून फोनवर सांगत नव्हते.

तुझी सासू,
साखराबाई, उमापूर