दांडी बसवली आणि अब्बांनी गाडी हातात घेतली

रविवार, संध्याकाळ

बॉनेटखाली दोन्ही शॉकॲब्सॉर्बरना जोडणारी आडवी दांडी बसवली, तेव्हापासून धास्ती होती. गाडी कडक झाली तर अब्बांच्या कमरेचं काय? आयुष्यभर एसटी चालवलेला माणूस, पण कमरेच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी परवानगी देऊनही, गाडी डुलली की कंबर धरते म्हणून स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आज अब्बांना शेजारी बसवून बारामतीहून इंदापूरला ताईकडे निघाले. वळणावर गाडी अजिबात झुलली नाही, खड्ड्यात मात्र दणका बसला.

"अब्बा, कंबर?" मी घाबरून विचारलं.

"कंबर हाय जाग्यावर. दणका कळतोय, पण गाडी आता डुलत न्हाय. थांबव, मी घेतो."

द्यावी का? दिली! पुढं इंदापूरपर्यंत तेच गुणगुणत चालवत होते. मी हसत होते की रडत, कोण जाणे. ताई दारात आली, ड्रायव्हरच्या सीटवर अब्बांना बघितलं आणि पिठाच्या हातांनीच टाळ्या वाजवायला लागली.