प्लॅटिनमची तार

शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५, नांदेड

गेल्या वर्षी १८ जुलैला मी याच वहीत लिहिलं होतं — "आज ग्राफाइटची कांडी लावून तीन हजार फेऱ्या पूर्ण. आकडा ९२! विश्वास बसत नाही."

यातली ग्राफाइटची कांडी चूक आहे. दुरुस्त करते. त्या दिवशी लॅबमध्ये कांडी नव्हतीच.

सकाळी खालच्या ड्रॉवरमध्ये टिशू पेपरात गुंडाळलेले दोन तुकडे सापडले. वर माझंच अक्षर — "१७ जुलै. तुटली. नवी मागवणे." नवी ऑगस्टमध्ये आली. मग अठराला मी काय लावलं? माझ्या गाइड सरांच्या कपाटातलं मौल्यवान वस्तूंचं रजिस्टर काढलं. प्लॅटिनमची तार, एक नग, १८ जुलै. घेणाऱ्याची सही: तूबा गुलाम रसूल, म्हणजे मीच. परत केली २२ जुलैला. सही तीच, तेच वळण.

लॅबच्या वहीत त्या दिवसाच्या पानावर काय लिहिलंय? "बाकी सर्व वरीलप्रमाणे." वरच्या पानावर ग्राफाइट. पेपर लिहिताना मी तिथूनच उतरवून घेतलं. पेपर सप्टेंबरमध्ये छापून आला. पहिलं नाव माझं.

रजिस्टरच्या पानाचा फोटो काढला. का काढला, माहीत नाही. पहिला धूसर आला. दुसरा काढला.

रविवार, २३ फेब्रुवारी

अब्बांना समजेल अशा भाषेत लिहून बघते. त्यांना समजेल असं लिहिलं की स्वतःशी लबाडी करता येत नाही.

पाण्यातून हायड्रोजन काढायचा. तो जाळला की धूर नाही, नुसती वाफ. काढायला वीज लागते आणि कमी विजेत काम व्हावं म्हणून एक मधला मदतनीस पदार्थ लागतो. सगळ्यात चांगला मदतनीस प्लॅटिनम — पण सोन्यासारखा तोलून घ्यायचा. म्हणून आम्ही स्वस्त भुकटी करतो, मॉलिब्डेनम सल्फाइडची. केसाच्या जाडीत हजारो मावतील एवढे बारीक कण. ती कार्बनच्या कागदावर लावायची, सौम्य आम्लात बुडवायची, वीज सोडायची. आकडा जितका कमी, तितकी भुकटी चांगली. आमची सुरुवातीला २४० ला होती. तीन हजार वेळा वीज आत-बाहेर केल्यावर ९२! 'वापरातून सुधारणारी भुकटी' — पेपरचा सगळा जीव यातच.

पण विजेची वाट पुरी व्हायला समोर दुसरी कांडी किंवा तार लागते. ती प्लॅटिनमची असेल तर आम्लात जराशी विरघळते, आणि विरघळलेलं येऊन बसतं ते आमच्या भुकटीवर. काम करतं प्लॅटिनम, नाव होतं भुकटीचं. हे एम.एस्सी.च्या पोरींनाही माहीत असतं. म्हणून तर ग्राफाइट.

आणि हे मला शोधावं का लागलं? उज्वलामुळे. लातूरच्या कॉलेजात पीएच.डी. करते, आमचीच भुकटी पुढे नेण्याचा तिचा विषय. पाच महिने झाले, तिचा आकडा २४० वरून हलत नाही. गुरुवारी तिच्या लॅबला जाऊन आले. तिचं सगळं बरोबर. माझ्याहून नेटकं! निघताना म्हणाली, "ताई, सर म्हणतात तुझा हात जड हाय. हात बी शिकता येतो का ओ?" आणि सहज विचारलं, "समोर ग्राफाइटच लावली होती ना तुम्ही?"

"हो, ग्राफाइटच," मी म्हणाले.

सोमवार, २४ फेब्रुवारी

सरांना सांगितलं नाही. दोनदा केबिनपर्यंत गेले. दोन्हीदा पाण्याची बाटली भरून परत.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

ऋतुजाला सांगितलं. ती माझी लॅबमधली जोडीदार, किनवटची, पेपरात दुसरं नाव तिचं. कोरियातल्या एका लॅबनं तिला याच पेपरवरून बोलावलंय. २९ मार्चचं विमान. घरातून पहिल्यांदाच कोणी विमानात बसणार. तिच्या मामांनी विचारलं म्हणे, खिडकी उघडता येते का!

कँटीनमध्ये ऐकून घेतलं तिनं. चहा गार होऊ दिला. मग —

"तूबे, तू लई विचार करून राहिलीस. एक दिवस तार लावली म्हणून काय सगळं खोटं झालं का?"

"तोच दिवस पेपरात आहे."

"तार लाव म्हणून मीच म्हणाले होते तुला. आठवतं?"

आठवत नव्हतं. तिला आठवत होतं! सात महिने तिला आठवत होतं का? हे विचारायची हिंमत झाली नाही.

सोमवार, ३ मार्च

दुसरा रोजा. नुसतं म्हणून भागणार नाही, मोजलं पाहिजे. सात ते नऊ वर्षांची असताना माझा पाय प्लास्टरमध्ये होता, शाळा नव्हती. अब्बांचं लातूरजवळच्या मुरुडला तराजू दुरुस्तीचं दुकान. तिथेच बसून शिकले — अक्षरं कॅलेंडरवर, बेरीज वजनांवर. पहिला धडा एकच: "पैले खाली पारडे देख बेटा. माल बाद में."

माझं रिकामं पारडं म्हणजे कोरा कार्बन कागद, भुकटी नाही. समोर तीच तार. तीन हजार फेऱ्या. कोऱ्या कागदाचा आकडा सहाशेच्या वर असतो, तिथेच राहायला हवा. राहिला तर मी वेडी आणि सगळं ठीक.

वेडी ठरावं अशी दुआ कधी मागितली नव्हती.

गुरुवार, ६ मार्च

सगळी काचेची भांडी नवी घेतली. सकाळी दहाला सुरू. अकराला लाइट गेली — इन्व्हर्टरनं धरलं. पाचशे फेऱ्यांना ५४०. हजाराला ३९०. त्यानंतर खुर्चीवरून उठले नाही. दोन हजाराला १९०.

ऋतुजा मागे येऊन उभी राहिली. खजुराची पुडी टेबलावर ठेवली, गेली.

पाचला संपलं. १०४.

कोऱ्या कागदानं १०४ दिला. ज्याच्यावर काहीच नाही त्यानं! कागद काढून बाटलीत ठेवला, चिठ्ठी लावली. या वेळी चिठ्ठीवर सगळं लिहिलं. काउंटर (समोरची कांडी) — प्लॅटिनम तार. 'वरीलप्रमाणे' नाही.

शनिवार, ८ मार्च

कोरा कागद, समोर ग्राफाइट. तीन हजार फेऱ्या. आधी ६१०, नंतर ६०५.

झालं. शंकेला जागा नाही.

सोमवार, १० मार्च

सरांसमोर दोन्ही आलेख ठेवले. रविकिरण सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना पहिल्या नजरेत कळलं होतं. मला दिसलं ते. पण म्हणाले,

"हे बघ तूबा, एका कोऱ्या कागदावरून एवढा मोठा निष्कर्ष?"

"दोन कागद आहेत सर."

"२१ ला निधी देणारी समिती येतेय. तीन वर्षांचा प्रकल्प. तुझ्यामागून येणाऱ्या चार पोरांची फेलोशिप त्यात आहे. त्यानंतर शांतपणे बघू."

"म्हणजे पेपर मागे घ्यायचा?"

"बघू म्हणालो."

पेपरची सगळी लिखापढी सरांच्या नावानं चालते, ते त्यांच्याच हातात. मी म्हटलं, निदान लातूरच्या उज्वलाला तरी कळवू? २४ तारखेला तिचा सहामाही आढावा आहे. यंदा आकडा आला नाही तर तिचे सर तिला काढणार आहेत.

"तिला कळवलं म्हणजे लातूरला कळलं. लातूरला कळलं म्हणजे समितीला कळलं." मग हळू आवाजात, "रजिस्टर आता माझ्याकडे राहू दे."

हेच सर माझ्या फेलोशिपच्या अर्जासाठी तीन तास बाबूच्या टेबलासमोर उभे होते. हेही लिहून ठेवते. नाहीतर हा हिशोब एकतर्फी होईल.

बुधवार, १२ मार्च

उज्वलाला मेसेज लिहिला. पुसला. लिहिला. पुसला. तिचाच आला — "ताई, आज २३८. चुकतंय कुठं?"

शनिवार, १५ मार्च, मुरुड

धुळवडीच्या सुट्टीला जोडून घरी आले. इफ्तारनंतर अब्बांना सगळं सांगितलं. अम्मी भांडी आवरायची थांबली.

मला वाटलं होतं, अब्बा क्षणात उत्तर देतील. ज्यांनी रिकामं पारडं शिकवलं ते! त्यांनी बराच वेळ दातात काडी फिरवली. मग म्हणाले —

"अब्बी चुप रह, बेटा. ईद होने दे. पाच साल की मेहनत है तेरी."

बेगमबी फुफी पलीकडून म्हणाली, "और क्या! छोरी डॉक्टर बन री, ये उसको सच का बुखार चढ़ा!"

सगळे हसले. मी पण हसले. चप्पल शोधायच्या निमित्तानं बाहेर जाऊन बसले.

रविवार, १६ मार्च

अब्बा स्टँडवर सोडायला आले. वाटेत दुकानाचं शटर अर्धं उघडून आत गेले, उगाच काट्यावरची धूळ पुसली, परत बंद केलं. गाडी लागली तेव्हा खिडकीपाशी येऊन म्हणाले,

"कल मैं बाप बनके बोला. दुकान में पूछती तो दुसरा बोलता."

"काय बोलला असता?"

"तू जानती." आणि कंडक्टरला ओरडले, "पोरगी हाय माझी, नांदेडला बरोबर उतरवा!" चोविसाव्या वर्षी बीएस्सी झाले, आता एकोणतीसची आहे. तरी.

सोमवार, १७ मार्च

(कालची एक दुरुस्ती: बीएस्सी बाविसाव्या वर्षी. चोविसाव्या वर्षी एम.एस्सी. घाईत लिहिलं.)

ऋतुजाला सांगितलं — समितीपर्यंत थांबते, ते सरांचं आहे. पण उज्वलाला २४ च्या आत कळलंच पाहिजे.

"आणि माझं काय?" ती म्हणाली. पहिल्यांदा डोळ्यांत पाणी. "मला व्हिसा मिळालाय तूबा. बाबांनी स्वेटर आणलाय. किनवटात स्वेटर! उन्हाळ्यात शोधत फिरले."

दोघी बेसिनपाशी उभ्या, नळ चालू. शेवटी तिनं तोंड धुतलं आणि शांतपणे म्हणाली, "उज्वलाचं टेन्शन घेऊ नको. तिच्याशी मी बोलते. मी नीट सांगते तिला."

मला सुटल्यासारखं वाटलं. सांगायचं काम दुसऱ्यानं घेतलं म्हणून! त्याची लाज वाटली. पण सुटल्यासारखं वाटलं, हे खरं आहे.

बुधवार, १९ मार्च

उज्वलाचा मेसेज नाही. दुखावली असेल. पाच महिने आमच्यामुळे. फोन लावावा वाटतो. काय बोलू?

शुक्रवार, २१ मार्च

समिती आली, गेली. मला मशीनपाशी उभं केलं होतं. एक वयस्कर बाई वाकून आलेखाकडे बघत होत्या. "सुंदर. दुसऱ्या कोणत्या लॅबला जमलं का हे?"

सर म्हणाले, "लातूरला काम सुरू आहे."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी आम्लाच्या भांड्याकडे.

शनिवार, २२ मार्च

उज्वलाचा फोन. रडत होती — आनंदानं.

"ताई, आला! ९८! ऋतुजाताई म्हणल्या, पेपरात काही का असंना, समोर प्लॅटिनमची तार लावून बघ. भौतिकशास्त्रवाल्यांची मागून आणली. सर म्हणले, बसला बाई हात तुझा! सोमवारी हाच आलेख दाखवते."

म्हणजे लातूरलाही जमलं. पेपर पक्का. ऋतुजाचं विमान, सरांचा प्रकल्प, उज्वलाची जागा — सगळं सुखरूप. आता कोणी कधी विचारणार नाही.

मी तिला "अभिनंदन" म्हणाले. हेही लिहून ठेवते.

सोमवार, २४ मार्च. सकाळी साडेपाचची लातूर एसटी. तिचा आढावा अकराला आहे, मी त्याआधी तिच्या लॅबमध्ये. पिशवीत कोऱ्या कागदाची बाटली, आणि रजिस्टरच्या पानाचा फोटो. दुसरा, स्पष्ट आलेला.