भोंग्यानं अर्धं राहिलेलं वाचन

चिखला,
ता. १८ नोव्हेंबर २००४, गुरुवार

मनालीताईले रिताचा जयभीम, अन् आमच्या घरचा जय मसीह पण घे. भाटव्यालेही साळीचा नमस्कार सांगजो.

इकडं सारे बरे हायेत. खुशबूले खालचे दोन दात आले, लय चावते. अमरची या हप्त्यात दुपारची पाळी हाये. हलका, लवकरचा धान घरी आला, बाकी कापून राहिलो.

तू रविवारी खुशबूले न्यायले येऊन राहिली. मीच लिहिलं होतं, ने तिले, भंडाऱ्यातच वाढव म्हणून. काहून ते नव्हतं लिहिलं.

आमच्यात बुधवारी दुपारी कोणाच्या ना कोणाच्या घरी प्रार्थना असते. बायबल एकच, मोठ्या अक्षराचं. धनीरामजी वाचतात. मॅगनीजच्या खदानीचा भोंगा वाजला का जिथं असल तिथी वाचन थांबते, माणसायले पाळीवर जा लागते. त्या बुधवारी मोशेनं बारा माणसं नवा देश पाहायले धाडले, ते चालू होतं. ते वापस येऊन सांगतात, ती जमीन राहणाऱ्यायलेच खाऊन टाकते. तेवढ्यात भोंगा. पुस्तक बंद. अमर तसाच खदानीत उतरला, अन् मी पोरीले छातीशी धरून बसली. दुसऱ्या दिवशी तुले चिठ्ठी टाकली.

काहून ते आता तुले समजलंच असन. अकरा दिवसाचाच होता माहा सुगत, गेला तवा. आमच्या धानाच्या बांधीत, कडेच्या धुऱ्याच्या मातीत ठेवला त्याले. दोन वर्षं मी तिथी पाय नाइ टाकला, सासू एकटीच धान रोवे. मले वाटे जमिनीनं एक खाल्ला, आता हिलेही खाईन.

पुस्तक दर हप्त्याले एका घरी राहते. या बारी आमच्याकडं आलं. मी तिसरी शिकलेली, बोट ठेवून ठेवून वाचते. भोंग्यानं राहिलेलं पान काढलं, पुढचं वाचलं. रात्री नाइ जेवली.

काल प्रार्थनेत उभी झाली. म्हणलं, "धनीरामजी, त्या दिवशीचं राहिलेलं मी वाचू का?"

"वाच ना बाई."

अडकत अडकत वाचलं. बारातले दोघं आपले कपडे फाडून म्हणतात, जमीन लय लय चांगली हाये, भेऊ नका.

धनीरामजी म्हणे, "मंग खाते म्हणणारे खोटे का?"

"खोटे कायले जी? माहा सुगत तिच्यातच हाये. पण बाराही जण एकाच रस्त्यानं फिरले, जमीन एकच पाहिली. दहा भ्याले. मी दोन वर्षं त्या दहात होती. आता त्या दोघात मोजा मले."

धनीरामजीनं चष्मा पुसला. मंग दुसरं पान काढून वाचलं, त्या चांगल्या देशातले दगड लोखंडाचे, डोंगर खणाल तं तांबं भेटन. मागून अमर म्हणते, "मॅगनीज लिहायचं राहून गेलं जी!" सारे हासले. सासू म्हणे, "घ्या, माही सून तं पास्टरीन झाली! उद्यापासून भाकर कोण टाकन?" भोंगा वाजला, तरी कोणी लवकर उठलं नाइ.

आज सकाळी विळा घेतला अन् बांधीत गेली. पोरीले धुऱ्यावर बसवलं, तिच्या भावाच्या बाजूले. सासू आपली ओळ सोडून माह्या ओळीत आली. आम्ही दोघीनं कोपरा साफ केला. वळून पाहतो तं पोरगी मूठभर माती तोंडात घालून चावून राहिली! जमीन हिले काय खाईन ताई, हेच जमिनीले खाऊन राहिली. मी इतकी हासली का सासू म्हणे, पागल झाली का वं?

भेव गेलं नाइ. तिले ताप आला का पुन्हा लागन. पण पोरगी माह्यापाशी राहीन, याच मातीत वाढन. तू रविवारी ये मात्र. न्यायले नको, नव्या तांदळाचा भात खायले ये. भाटव्यालेही आण.

चिठ्ठी शेजारच्या धर्मेंद्रच्या हातून देऊन राहिली, तो उद्या एसटीनं तिकडं चालला.

तुही लहान बहीण,
दोन लेकरायची माय,
रिता