स्टेअरिंग कुठल्या बाजूला मारायचं होतं

बाबा, परवा पोशेऱ्याच्या अलीकडचं ते वळण कापून सरळ केलेलं पाहिलं. डोंगराचा जो खडक रस्त्यात नाक खुपसून बसला होता, ज्याला तू म्हातारी म्हणायचास, तो फोडून त्याची खडी तिथंच डांबराखाली दाबली आहे. मी ट्रेलर घेऊन तिथून एकाच गिअरमध्ये निघून गेलो आणि बरंच पुढे गेल्यावर लक्षात आलं, की वळण येऊन गेलंसुद्धा. तुझी जीप गेली त्याला चौदा वर्षं झाली, तुला जाऊन बारा. एवढ्या वर्षांत मी एक गोष्ट कुणालाच सांगितली नाही, आणि तुला तर मुद्दाम सांगितली नाही. ती जीप मी घालवली. हात तुझे होते, पण घालवली मी. आता वळणच राहिलं नाही, तेव्हा लिहून टाकावं म्हणतो.

तुझी ती जीप म्हणजे जव्हार ते मोखाडा या रस्त्यावरचं एक प्रस्थ होतं. नऊ माणसांच्या गाडीत एकोणीस माणसं, टपावर नागलीची पोती आणि कोंबड्यांची डालगी, मागच्या पायरीवर लोंबकळणारे चौघे वेगळेच. तरी कुणी कुरकुरत नसे, कारण गाडी तू चालवत होतास. अडलेली बाळंतीण जव्हारला न्यायची असली की लोक दुसऱ्या तीन जीप सोडून तुझ्यासाठी थांबायचे. जव्हारच्या स्टँडवर तू बोनेटला टेकून उभा राहायचास आणि नव्या ड्रायव्हरांना म्हणायचास, "माझे गाडीवं एक ओरखडा दाखव, गाडी तुझी." वीस वर्षांत कुणाला दाखवता आला नाही. मीही लहानपणी फडकं घेऊन शोधला आहे. नव्हता.

मला तू शिरपामाळावर गाडी शिकवलीस. सकाळी तिथं माणूस नसायचं, नुसता वारा आणि मोकळी जागा. तुझ्या हातात निरगुडीची फोक असायची. क्लच सोडताना गाडीने गचका खाल्ला की फोक नडगीवर. दुसरा गचका, दुसरी फोक. महिन्याभरात गचका बंद झाला, हे मान्य करतो. पण मागे घ्यायचं शिकायच्या दिवशी नेमके मुंबईकडचे काही पाहुणे जागा बघायला आले होते. मी जीप मागे घेताना चाक एका दगडावर चढलं. तू फोक वापरली नाहीस. त्या पाहुण्यांकडे बघून हसलास आणि मला म्हणालास, "उतर." मी उतरलो. मग तू त्यांना ऐकू जाईल असं म्हणालास, "ज्याला मांगं जाता येत नाय, तो म्होरं काय जाईल." त्या दिवसापासून तू मला रिव्हर्स कधी टाकू दिला नाहीस. मागे घ्यायची वेळ आली की एकच शब्द, उतर. भरल्या गाडीतून मी उतरायचो, तू सरकून सीटवर यायचास, गाडी मागे घ्यायचास, आणि मी पुन्हा चढायचो. लोक हसायचे. मी चोवीस वर्षांचा होतो.

त्याच वर्षी खोडाळ्याच्या बाजूला माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. त्या घरातली म्हातारी एकदा आपल्याच जीपमध्ये बसली. मुद्दाम बसली असणार, मुलगा बघायला. त्या दिवशी समोरून बस आली, मागे घ्यावं लागलं, आणि तू म्हणालास, उतर. पुन्हा आत जागा उरली नाही, तेव्हा मला टपावर डालग्यांत बसायला सांगितलंस. आठ दिवसांनी निरोप आला. "जो बापाचेच गाडीतून उतरवला जातो, त्याला आमची पोर नाय द्यावाची." तू तो निरोप ऐकून भाकरीचा तुकडा मोडलास आणि म्हणालास, खरंच बोलली ती. आई चुलीपाशी होती. तिची तव्यावरची भाकरी उलटायची राहून गेली. करपल्याचा वास आला तेव्हा तू तिच्यावर ओरडलास.

म्हणून मी वाडा गावाला गेलो आणि ट्रेलरची नोकरी धरली. जड गाडीचं लायसन काढलं होतं, अनुभव विचारला तेव्हा दोन वर्षं म्हणून सांगितलं. दोन दिवसही नव्हता. कंपनीने दिलेला कागद घरी आणून मी तुला वाचून दाखवला. तू तो हातात घेतलास, मागून पुढून बघितलास, घडी घालून परत दिलास. "चाळीस फूट मांगं लावून देतात तुला? त्या कंपनीवाल्यानला डोळे हायत का नाय?" एवढंच म्हणालास. आई मात्र देवापुढे नारळ ठेवून आली.

ट्रेलर ही गाडी तुला ठाऊक नव्हती. पुढचं डोकं वेगळं, मागची चाळीस फुटांची पाठ वेगळी, आणि दोन्ही एका जाड खिळीवर जोडलेली. पहिले आठ दिवस मला एका म्हाताऱ्या ड्रायव्हरच्या शेजारी बसवलं होतं. तो उत्तरेकडचा, सगळे त्याला चाचा म्हणत. मी नवखा आहे हे त्याने पहिल्या तासातच ओळखलं, पण मालकाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी यार्डात त्याने मला एकच गोष्ट शिकवली, दुपारपर्यंत तीच. "पीछे की गाडी जिद्दी बैल है. जिधर भेजना है, स्टेअरिंग उसका उलटा मार." शेपूट उजवीकडे न्यायची तर स्टेअरिंग डावीकडे. डावीकडे न्यायची तर उजवीकडे. जीपच्या नेमकं उलट. मी साठ-सत्तर वेळा चुकलो असेन. चाचाने एकदाही मला उतर म्हटलं नाही. संध्याकाळी मी शेपूट दोन ड्रमांच्या मधून मागे घेतली, तेव्हा त्याने चहा पाजला. मी त्या चहाच्या टपरीमागे जाऊन रडलो, हेही लिहून ठेवतो.

अकराव्या दिवशी लोखंडी पाइप भरून मी नाशिककडे निघालो. पाइपांची टोकं मागे हातभर बाहेर आलेली, त्यांना लाल फडकं बांधलेलं. क्लीनरला ताप आला म्हणून तो जव्हारलाच उतरला होता. पोशेऱ्याच्या अलीकडे ते डावं वळण आलं आणि मी तुझ्यासारखं घेतलं, जीपचं घेतात तसं, आतून. डोकं वळलं, पाठ आत कापत आली आणि पाइप त्या म्हातारीला, खडकाला, टेकायला वीतभर उरले. थांबलो. थोडं मागे घेऊन, रुंद वळून निघालं की झालं. जमण्यासारखं होतं. पण तेवढ्यात डाव्या आरशात तुझी जीप दिसली.

तू खडकाच्या मागे डोंगराच्या कुशीत जीप लावलीस. माणसं उतरली. सगळी आपल्याच बाजूची, मला टपावर बसलेलं पाहिलेली. तू लुंगी खोचत पुढे आलास, गाडीभोवती एक चक्कर मारलीस, आणि माझ्या दाराशी उभा राहून वर बघितलंस. बाबा, तेव्हा तू नुसतं "काय झालं" एवढं विचारलं असतंस ना, तरी चाललं असतं. तू म्हणालास, "उतर."

मी उतरलो. तू वर चढलास. इतक्या उंच सीटवर तू पहिल्यांदाच बसत होतास, आणि मला दिसलं की तुला ते आवडलं. "रिव्हर्स कठं हाय?" मी गिअर दाखवला. "हवेचा ब्रेक हाय, हळू दाब," म्हणालो. चढ आहे, गाडी वेगाने मागे जाईल, हेही सांगितलं. सगळं सांगितलं, एक सोडून. मागे उभं राहून इशारा करणं हे माझं काम होतं. मी पुढे जाऊन उभा राहिलो, तुझ्या समोर, काचेतून तुझे हात दिसतील असा. मागून एक जण ओरडत होता, येऊ दे, येऊ दे. तुला शेपूट खडकापासून सोडवून उजवीकडे रस्त्यावर न्यायची होती. तुझ्या हातांनी वीस वर्षं जे केलं तेच केलं. स्टेअरिंग उजवीकडे मारलंस. माझं तोंड उघडलं होतं. नाही म्हणायला वेळ होता, अगदी सावकाश दोनदा म्हणण्याइतका. मी तोंड मिटलं.

चाळीस फूट डावीकडे गेले. तू घाबरून आणखी उजवीकडे मारलंस, तसे ते आणखी डावीकडे. पाइप जीपच्या पुढच्या काचेतून आत शिरले आणि लाल फडकं तुझ्या सीटवर जाऊन पडलं. जीप डोंगरावर चेपली गेली. टपावरचं एक डालगं खाली आलं, एक कोंबडी मेली. माणूस कुणी दुखावला नाही. तू उतरलास, जीपपाशी गेलास, आणि बोनेटवरून हात फिरवलास. कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं हसतील. मग मागे पायरीवर लोंबकळणाऱ्यांपैकी एक जण हळूच म्हणाला, "ओरखडा दाखवायचा का आता?" तेव्हा हसले. मीही.

ट्रेलरला काही झालं नाही. मी चढलो, स्टेअरिंग डावीकडे मारून सरळ केली, रुंद वळण घेतलं आणि सगळ्यांच्या देखत निघून गेलो. तू ते पाहिलंस का, हे मला कधी कळलं नाही. तू त्या वेळी जीपच्या आत वाकून काचा वेचत होतास.

जीप भंगारात गेली, आणि तू जव्हारच्या स्टँडवर दुसऱ्यांच्या जीपसाठी माणसं बोलवायला लागलास. मोखाडा, मोखाडा, खोडाळा. ज्यांना तू ओरखडा दाखव म्हणायचास त्यांच्याच गाड्या भरायचास. बाजारातून जाताना मी तुझ्यापाशी आलो की हॉर्न द्यायचो. काही गरज नसायची. तू वर बघून हात करायचास, करावाच लागायचा, आणि चहा पीत उभे असलेले ड्रायव्हर एकमेकांकडे बघायचे. दर खेपेला दिला मी तो हॉर्न. कुणी माझ्याबद्दल वाकडं बोललं तर तू म्हणायचास, "अकरा दिवसांचा ड्रायव्हर तो, त्याला काय ठावं व्हतं?" हे मला तिथल्याच एकाने सांगितलं. जीपचा उजवा आरसा फुटला नव्हता. तो तू पुसून मला दिलास. म्हणालास, "नवा हायस, मांगचं दिसलं नाय तुला. हा लाव." मी लावतो म्हणालो आणि घाटात भिरकावला.

पण तुझं डोकं त्या वळणातून बाहेर आलं नाही. तू रोज संध्याकाळी ओटीवर बसायचास, दोन काड्यापेट्या दोऱ्याने एकमेकींना बांधलेल्या, आणि त्या जमिनीवर मागे ढकलायचास. दोरा सैल पडायचा, पेट्या नुसत्या एकमेकींवर आपटायच्या. तू पुन्हा बांधायचास. दोऱ्याच्या जागी एक काडी आणि एक टाचणी लावली असती तर पाच मिनिटांत तुला सगळं दिसलं असतं. टाचणी माझ्या शर्टाला होती, बटण तुटलं होतं म्हणून. मी शेजारी बसून भात खात होतो.

काविळीने तू अंथरुणाला खिळलास, तेव्हा मी दोन दिवसांची रजा घेऊन आलो. तुझे डोळे हळदीसारखे झाले होते. आईला तू पाणी आणायला पाठवलंस आणि मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, काहीतरी बापासारखं बोलशील. तू म्हणालास, "मी तं उजवीकडं मारलेलं. मंग डावीकडं कशी गेली ती? तू चालवतोस, तुला ठावं असंल. माझं काय चुकलं?" आयुष्यात पहिल्यांदा तू मला तुझं काय चुकलं ते विचारत होतास. एका वाक्याचं उत्तर होतं. मी म्हणालो, "उतार व्हता बाबा. उताराला कुणाचं चालतंय." तू मान हलवलीस, पण तुला पटलं नव्हतं, ते दिसत होतं. पाच दिवसांनी तू गेलास. मी नाशिकच्या पलीकडे होतो.

तर आता सांगतो. स्टेअरिंग डावीकडे मारायचं होतं. खिळीच्या मागचं सगळं उलटं चालतं. तुझं काहीच चुकलं नाही, तू जीपचा ड्रायव्हर होतास आणि जीपसारखं मारलंस. पंधरा दिवस सराव केला असतास तर माझ्यापेक्षा चांगला ट्रेलर चालवला असतास, यात मला शंका नाही. आणि मला सगळं ठाऊक होतं.

काल पितरांचं पान छपरावर ठेवलं. भात, वडे, नागलीची भाकरी, तुला आवडायचा तसा सुका जवळा. आई आता फार बोलत नाही, पण दरवर्षी एवढं म्हणते, तसं कालही म्हणाली, "बापाला काय सांगायचा तं सांग, आयकतो तो." हा कागद माझ्या खिशात होता. कावळाही आला होता. मी म्हणालो, "काय नाय. बरं चाललंय सगळं." आवाज काढून मी हे तुला कधीच सांगणार नाही, कारण तुला कळलेलं मला अजून नको आहे. तुला अक्षर वाचता येत नव्हतं, बाबा. म्हणून तर लिहून काढलं.